बाळ दारात आलं तर? इमर्जन्सी विभाग मुलांसाठी तयार करण्याची पायरीपायरीची वाट

तीन-साडेतीन किलोची बाहुली घ्या, दुपट्यात गुंडाळा आणि आपल्याच रुग्णालयाच्या इमर्जन्सीच्या दारातून आत न्या. विभागप्रमुखांना आधी कल्पना द्या, बाकी कोणाला नको. ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात बाहुली देऊन म्हणा, "ही तालीम आहे. एक महिन्याचं बाळ, श्वास घेत नाहीये." आणि घड्याळ सुरू करा. मास्क बाहुलीच्या तोंडावर बसून पहिला श्वास आत जाईपर्यंत किती सेकंद गेले ते लिहून ठेवा. सामानाची यादी, रजिस्टर, धोरण हे सगळं त्यानंतर बघता येईल.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा ट्रॉली झटकन आली. वरच्या खणात मोठ्या माणसांच्या श्वासनलिकेत घालायच्या ट्यूब, दुसऱ्यात सलाईनचे सेट. तान्ह्या बाळाचा मास्क होता, पण सगळ्यांत खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीला गाठ, गाठीवर चिकटपट्टी. सिस्टरनी शेवटी ती दातांनी फाडली. मास्क बाहेर आला तर त्याची हवेची कड पार चपटी झालेली, तोंडावर बसेचना. दोन मिनिटं दहा सेकंद गेले. रजिस्टरमध्ये त्या सकाळी ट्रॉलीपुढे 'पूर्ण' असं लिहून सही केलेली होती, आणि ती सही खोटी नव्हती. यादीतली वस्तू खरोखरच ट्रॉलीत होती.

ही तयारी कोणी करायची?

बहुतेकांना वाटतं, हे काम मुलांच्या खास रुग्णालयांचं. पण घाबरलेले आईवडील जवळचं दार गाठतात. अमेरिकेत इमर्जन्सीत येणाऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं सर्वसाधारण रुग्णालयांतच जातात. तिथे २०१३ साली चार हजारांहून अधिक इमर्जन्सी विभागांची तयारी गुण देऊन तपासली, तेव्हा मध्यक (निम्मे विभाग त्याच्या खाली, निम्मे वर) निघाला १०० पैकी ६९. हे गुण नुसते कागदावरचे नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर आजारी मुलांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी तयारीच्या गटात ११.१ टक्के होतं, तर सर्वांत जास्त तयारीच्या गटात ३.४ टक्के.

ज्या विभागात दिवसाला जेमतेम दोन-तीन मुलं येतात, त्याला या तयारीची गरज जास्त. रोज पन्नास मुलं बघणाऱ्यांचे हात आपोआप चालतात. महिन्यातून एखादंच गंभीर मूल बघणाऱ्यांना सगळं आधी ठरवून, लिहून, मांडून ठेवावं लागतं.

पायरी १: दोन नावं ठरवा

एक डॉक्टर, एक परिचारिका. मुलांच्या इमर्जन्सीचे समन्वयक म्हणून दोघांची लेखी नेमणूक करा. दोघं बालरोगातलेच हवेत असं नाही. विषयाची कळकळ असलेले आणि विभागात ज्यांचा शब्द चालतो असे हवेत. ट्रॉलीची तपासणी, तालमी, नव्या माणसांचं प्रशिक्षण, झालेल्या केसचा आढावा आणि मोठ्या केंद्राशी संपर्क, ही त्यांची कामं. या कामाचे तास ड्युटीच्या तक्त्यात दाखवा, नाहीतर नेमणूक फक्त फळ्यावरच्या नावापुरती राहते. "मुलांचं कोण बघतं?" या प्रश्नाला "आम्ही सगळेच बघतो" असं उत्तर आलं, की कोणीच बघत नाही हे ओळखावं.

पायरी २: रांग मोडायला शिका

मलावीतल्या ब्लँटायर शहरात एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलं रांगेत ताटकळत असताना दगावत होती. तिथे दारातच गंभीर मूल हेरून, नंबर न पाहता, थेट उपचाराच्या खोलीत न्यायची पद्धत बसवली. दाखल मुलांचं मृत्यूचं प्रमाण पूर्वी १० ते १८ टक्के असायचं, ते ६ ते ८ टक्क्यांवर आलं. तिथल्याच अनुभवाच्या आधारावर पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा 'ईटॅट' हा, गंभीर मूल दारातच ओळखून लगेच उपचार सुरू करायला शिकवणारा प्रशिक्षणक्रम उभा राहिला.

मुलाला हात लावण्याआधी तीन गोष्टी नजरेनंच टिपायच्या. मूल दिसतं कसं: बघतंय का, हातपाय हलवतंय का, आईकडे झेपावतंय का. श्वास घेतंय कसं: नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का, कण्हतंय का. आणि कातडीचा रंग कसा: फिकट, निळसर की डागाळलेला. याला अर्धं मिनिट पुरतं आणि एकही यंत्र लागत नाही.

मग लगेच आत न्यायची कारणं: श्वास बंद किंवा अडलेला, खूप धाप, निळेपणा, गार हातपाय, चालू आकडी, बेशुद्धी, जुलाबांनी डोळे खोल जाऊन निपचित पडलेलं मूल. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, विषबाधा, भाजणं, मोठी दुखापत, अंगावर सूज किंवा फार कुपोषण, तळहात पांढरे पडलेले, दुसरीकडून चिठ्ठी घेऊन पाठवलेलं मूल, यांना रांगेत पुढे घ्यायचं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे 'बीपी ठीक आहे' यात काहीही दिलासा नाही. त्याआधी हातपाय गार पडतात, नाडी जलद आणि बारीक होते, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागतात. श्वासही पूर्ण एक मिनिट मोजावा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक म्हणजे जलद. आणि जे मूल भोकाड पसरून रडतंय ते निदान श्वास तरी घेतंय. कोपऱ्यात मांडीवर गप्प पडलेल्याकडे आधी जा.

ही चिन्हं फक्त डॉक्टर-सिस्टरांना शिकवून भागत नाही. मूल सगळ्यांत आधी दिसतं ते दारावरच्या रखवालदाराला आणि केसपेपर काढणाऱ्या कारकुनाला. त्यांना तासभर बसवून शिकवा आणि 'असं मूल दिसलं की पेपर नंतर' ही मुभा लेखी द्या. लेखी नसेल तर पेपरशिवाय आत सोडलं म्हणून तेच बोलणी खातात, आणि पुढच्या वेळी सोडत नाहीत.

पायरी ३: वजन, आणि तेही किलोतच

मोठ्या माणसाला औषध अँप्युलच्या (इंजेक्शनच्या छोट्या कुपीच्या) हिशेबात जातं. मुलाला ते किलोच्या हिशेबात जातं, म्हणून वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं. वजनकाटा इमर्जन्सीतच हवा; ओपीडीत किंवा वॉर्डात असलेला काटा रात्री कुलूपबंद असतो. काट्यावर पौंड दाखवायची सोय असेल तर ती बंद करून टाका. पौंडाचा आकडा किलो समजून लिहिला गेला तर डोस दुपटीहून जास्त होतो. केसपेपरवर नावाशेजारीच वजनाचा चौकोन ठेवा आणि तो रिकामा असेल तोवर औषध लिहायचं नाही असा नियम करा.

जीवच धोक्यात असेल तेव्हा काट्यावर ठेवायला वेळ नसतो. अशा वेळी लांबीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी कामाला येते. १९८० च्या दशकात निघालेली ब्रोसलो पट्टी यातली सर्वांत परिचित. पट्टीचं लाल टोक डोक्याशी ठेवायचं, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाचा डोस आणि त्या रंगाची ट्यूब. साधारण ३६ किलोंपर्यंत ती चालते. किडकिडीत मुलांत ती वजन जास्त दाखवते, लठ्ठ मुलांत कमी, हे ध्यानात असू द्या. पट्टीही नसेल तर एक ते दहा वर्षांसाठी वयात ४ मिळवून दुप्पट करा: तीन वर्षांच्या मुलाचं वजन अंदाजे १४ किलो. हाही अंदाजच, आणि कुपोषित मुलांत जास्तीचाच. आई नुकतंच केलेलं वजन सांगत असेल तर सूत्रापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

दशांश चिन्हानं होणारी दहापट चूक हा मुलांच्या औषधांतला जुना शत्रू. अ‍ॅड्रिनलिनचंच बघा. हृदय थांबलं असेल तर डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला ०.१ मिलिग्रॅम. अँप्युल आहे १ मिलीची, तिच्यात १ मिलिग्रॅम. ती ९ मिली सलाईनमध्ये मिसळून १० मिली केली, की या मुलाला १ मिली शिरेतून द्यायचं. तीच अँप्युल न मिसळता १ मिली दिली, तर दहापट गेलं. कशाचीही तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मात्र न मिसळलेलं अ‍ॅड्रिनलिनच द्यायचं, मांडीच्या स्नायूत, किलोला ०.०१ मिली. औषध तेच, पण वाट वेगळी आणि तीव्रता वेगळी. पहाटे तीन वाजता हे कोणी डोक्यात करू नये.

म्हणून ३ किलोंपासून पुढे एकेक वजनाचा तक्ता बनवा, त्यात मिलिग्रॅमशेजारी थेट मिली लिहा आणि तो ट्रॉलीवर लावा. तुमच्याकडे ज्या तीव्रतेची अँप्युल येते, तिचाच हिशेब हवा; पुरवठादार बदलला की तक्ता पुन्हा तपासायचा. '०.५' मधलं आधीचं शून्य कधी गाळायचं नाही, '५.०' मधलं नंतरचं कधी लिहायचं नाही. औषध भरणाऱ्यानं नाव, डोस आणि मिली मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं तक्त्यात बघून 'बरोबर' म्हणायचं. आणि तक्ता लावण्याआधी आपल्याकडच्या नियमावलीशी ताडून, बालरोगतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट या दोघांच्या सह्या घ्या.

पायरी ४: ट्रॉली

मांडणीच्या दोन पद्धती आहेत. एकीत श्वासाचं सामान एका खणात, शिरेचं दुसऱ्यात. दुसरीत वजनाच्या रंगानुसार खण, आणि त्या वजनाला लागणारं सगळं त्याच खणात. मुलं क्वचित येत असतील तर मी दुसरी पद्धत निवडेन. एकच खण उघडावा लागतो, आणि घाईत नऊ किलोच्या बाळाला मोठ्याची ट्यूब हातात येत नाही.

सामान फार महाग नाही. ०, १ आणि २ नंबरचे मास्क, तान्ह्यांसाठी साधारण ५०० मिलीची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मोठी बॅग, बाळांच्या नाकातल्या ऑक्सिजनच्या नळ्या, लॅरिंगोस्कोपची (घशात बघून ट्यूब घालायच्या उपकरणाची) ० आणि १ नंबरची सरळ पाती, २.५ पासून पुढच्या ट्यूब, बारीक सक्शन नळ्या, २४ नंबरची पिवळी आणि २२ ची निळी कॅन्युला (शिरेत घालायची नळी), हाडात घालायची सुई, बीपीचे लहान कफ, ग्लुकोमीटर आणि बाळाच्या तळपायाला गुंडाळायचा ऑक्सिमीटरचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब. मोठ्यांची चिमट्यासारखी क्लिप बाळाच्या बोटावर सैल बसते, आणि मग पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. छोटी बॅग नसेल तर मोठ्या बॅगनंही वेळ मारून नेता येते, फक्त छाती वर येताना दिसली की तिथेच दाब सोडायचा.

तपासणी म्हणजे वस्तू मोजणं नाही, वापरून बघणं. लॅरिंगोस्कोपचं पातं लावून दिवा पेटतो का पाहा; मिणमिणत असेल तर सेल बदला. बॅगचं तोंड तळहातानं बंद करून दाबा, हवा गळते का बघा. मास्कची कड बोटानं चेपा. मग ट्रॉलीला नंबर असलेलं, ओढताच तुटणारं प्लास्टिकचं सील लावा. सील शाबूत असेल तर रोज फक्त नंबर लिहायचा, तुटलं की पूर्ण तपासणी. मास्क मात्र पिशवीत नको, हुकाला उघडा टांगलेला हवा. का, ते वर आलंच आहे.

पायरी ५: पहिली दहा मिनिटं आधीच ठरवा

बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं. सपाट झोपवलं की मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट अडते. खांद्यांखाली टॉवेलची घडी ठेवली की वाट मोकळी होते. कित्येकदा एवढ्यानंच ऑक्सिमीटरचा आकडा वर येतो. घडी करून ठेवलेला टॉवेल टेबलावर कायमचा ठेवा.

हृदय थांबलं असेल तर दोघांनी मिळून छातीवर १५ दाब आणि २ श्वास, एकटं असेल तर ३० ला २. मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. मुलांत बहुधा आधी श्वास जातो आणि मग हृदय, म्हणून इथे श्वास टाळून चालत नाही. शिरा सापडत नसेल तर टोचत बसू नका. दोन प्रयत्न फसले, की गुडघ्याखालच्या हाडात सुई. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा, कारण 'अजून एकदा बघतो' म्हणण्यात पाच मिनिटं जातात.

सलाईनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर झालेल्या 'फीस्ट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ताप आणि रक्ताभिसरण खालावलेल्या मुलांना भराभर सलाईन दिलं, तर जगण्याचं प्रमाण वाढेल अशी अपेक्षा होती. घडलं उलटं: ४८ तासांत भराभर सलाईनच्या गटांत सुमारे १०.६ टक्के मुलं दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं सावध धोरण घेतलं: हातपाय गार, नख दाबल्यावर ३ सेकंदांहून जास्त वेळ आणि नाडी जलद व क्षीण ही तिन्ही चिन्हं एकत्र असतील तर किलोला १० ते २० मिली, तेही अर्ध्या ते एका तासात. जुलाबांनी सुकलेल्या किंवा रक्त गेलेल्या मुलाचा हिशेब वेगळा. फार कुपोषित किंवा रक्त फार कमी असलेल्या मुलाचा त्याहून वेगळा. प्रत्येक वेळी थोडं देऊन, जास्त तर होत नाही ना हे पुन्हा तपासायचं: धाप वाढली का, यकृत खाली आलं का. आणि ५०० मिलीची बाटली तान्ह्याच्या डोक्यावर मोकळी सोडून देऊ नका. पाच किलोच्या बाळाला ती पूर्ण गेली तर किलोला १०० मिली झाले. मोजनळी लावा, नाहीतर ५० मिलीच्या सिरिंजनं मोजून द्या.

बेशुद्ध किंवा आकडी आलेल्या प्रत्येक मुलाची साखर लगेच बघायची. कमी असेल तर १० टक्के ग्लुकोज, किलोला ५ मिलीपर्यंत. आकडी चालू असेल आणि शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम हे आकडी थांबवणारं औषध नाकातून देता येतं; त्यासाठी शीर शोधत थांबू नका. तान्ह्याचे कपडे तपासणीसाठी काढले की लगेच झाका. गार पडलेलं बाळ कशालाच नीट साथ देत नाही.

पायरी ६: तालीम

सभागृहातल्या दिवसभराच्या वर्गापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच टेबलावर, त्याच ट्रॉलीनं केलेली पंधरा मिनिटांची तालीम जास्त कामाची. दर वेळी एकच प्रसंग घ्या. मास्क कोणाकडे, दाब कोणाकडे, औषध कोणाकडे, वेळ कोण लिहिणार हे नाव घेऊन सांगायचं. ज्याला सांगितलं त्यानं ते परत उच्चारायचं. नंतर तीनच प्रश्न: काय सापडलं नाही, काय ऐकू गेलं नाही, कुठे थांबावं लागलं. त्यातून एकच दुरुस्ती त्याच आठवड्यात करून टाका. कोणाची चूक झाली हे विचारलंत, तर पुढच्या तालमीला माणसं येतील पण बोलणार नाहीत.

पायरी ७: पुढे पाठवणं

मोठ्या केंद्राशी लेखी करार आधीच हवा: फोन कोणता, उचलणार कोण, कोणती मुलं घेणार. डॉक्टरनं डॉक्टरशीच बोलायचं. श्वास, शीर, साखर आणि ऊब सांभाळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. सोबत वजन, दिलेली औषधं वेळेसकट, तपासण्यांच्या प्रती आणि प्रशिक्षित माणूस. ऑक्सिजनचा हिशेब दुपटीनं करा: मिनिटाला ५ लिटर आणि तासाचा प्रवास म्हणजे ३०० लिटर, तर निघताना ६०० हवेत. आई किंवा वडील गाडीत असावेत.

आईवडील, आणि आईवडील नसलेली मुलं

पालकांना बाहेर काढण्याची सवय जाता जात नाही. त्यांना आत राहू द्या, पण त्यांच्याजवळ काय चाललंय ते सांगणारं एक माणूस उभं करा. बऱ्याच तपासण्या आईच्या मांडीवर होतात. सांगितलेली हकिकत आणि दिसणारी जखम जुळत नसेल, तर कोणाला कळवायचं हे आधीच लिहून ठेवा. त्या क्षणी वाद घालायचा नाही.

मोठ्या दुर्घटनेत मुलं एकटी येतात, काहींना नावही सांगता येत नाही. हातपट्टी, फोटो, कपड्यांची नोंद आणि ओळख पटवल्याशिवाय मूल कोणाच्याही हवाली न करणं, एवढं तरी आपत्ती योजनेत असलंच पाहिजे.

त्या रुग्णालयात सहा आठवड्यांनी मी पुन्हा बाहुली घेऊन गेलो, रविवारी पहाटे. मास्क हुकाला टांगलेला होता. एकोणतीस सेकंद लागले. त्यातले बरेचसे बाहुली कोणत्या टेबलावर ठेवायची यातच गेले. दोन टेबलं होती, आणि टॉवेलची घडी दुसऱ्यावर होती.